आत्याआजीचे हिरवे आलवण : जुनी छायाचित्रे डिजिटल करून देणाऱ्या एका दुकानाचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, सहस्रचंद्रदर्शन २०२५ च्या माघात झाले. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी पै-पाहुणे जमलेले असताना घरातली जुनी छायाचित्रे टीव्हीवर सर्वांना दाखवावीत, अशी कल्पना तिच्या नातवाने काढली आणि ती तडीस नेण्याचे काम, निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो या सर्वमान्य समजुतीनुसार, माझ्याकडे आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मला बारा वर्षे झाली असली तरी स्कॅनर हे यंत्र मी कधी हाताळलेले नाही. त्यामुळे पुण्यातील एका दुकानाकडे छायाचित्रे, निगेटिव्ह, तीन ध्वनिफिती आणि एक व्हिडिओ कॅसेट असा सगळा ऐवज सोपवला. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. दुकानाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही. ज्या तक्रारी होत्या त्या दुकानदाराशी समोरासमोर बोलून मिटल्या आहेत, आणि अशी कामे करणारी दुकाने आता बऱ्याच शहरांत निघाली असून त्यांच्या कामाच्या पद्धतीत फारसा फरक नाही. ज्यांना आपल्या घरातली ट्रंक उघडायची आहे त्यांना हे टिपण कोणत्याही दुकानात जाताना उपयोगी पडावे.

तारखेचे आधी सांगते, कारण पुढची बरीचशी धावपळ तिच्यामुळेच झाली. ऐंशी पूर्ण झाली की लगेच सोहळा करायचा, असे मुलांनी गृहीत धरले होते. गुरुजींनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. वर्षाच्या बारा पौर्णिमा धरल्या तर ऐंशी वर्षांच्या ९६० होतात. त्यात १९ वर्षांत ७ या प्रमाणाने येणाऱ्या अधिकमासांच्या २९ मिळवल्या की ९८९ भरतात, आणि उरलेल्या अकरा पौर्णिमांसाठी आणखी दहा-अकरा महिने थांबावे लागते. ताईचा जन्म १९४४ च्या चैत्रातला, म्हणून माघाचा शेवट ठरला. मुहूर्त असा पौर्णिमांच्या मोजणीने बांधलेला असल्यामुळे दुकानदाराला तो आठवडाभर पुढे ढकलता येणार नाही हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. त्याने ते नीट ऐकून घेतले, वहीत लिहिले, आणि पुढे जे करायचे तेच केले.

आमच्याकडचा ऐवज मूळचा वाईचा. माझे काका पुण्यात नारायण पेठेत राहत असत आणि घराण्यातली बहुतेक छायाचित्रे त्यांच्याकडे होती. छायाचित्रणाची हौसही त्यांनाच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा तळमजल्यावरच्या पेट्यांसकट ती सगळी गेली. वाचली ती फक्त काकांनी वेळोवेळी वडिलांना पाकिटातून वाईला पाठवलेली छायाचित्रे, आणि काकांचा कॅमेरा पुढे वाईला आल्यानंतर आमच्या घरी जमलेल्या निगेटिव्ह. त्यामुळे ट्रंकेत एकाच प्रसंगाच्या दोन प्रती क्वचितच सापडतात. जे आहे ते एकुलते एक, ही जाणीव मनात असल्याने दुकानात पिशवी ठेवताना माझा हात जरा रेंगाळला हे मान्य करते.

संक्रांतीच्या आठवड्यात मी काम दिले. छायाचित्रे २१४, निगेटिव्हच्या ४८ चौकटी, साठ मिनिटांच्या तीन ध्वनिफिती आणि एक व्हिडिओ कॅसेट. छायाचित्राला १५ रुपये, निगेटिव्हच्या चौकटीला ४०, ध्वनिफितीला ४००, व्हिडिओ कॅसेटला ७०० आणि ज्याला दुकानदार ‘रिस्टोरेशन’ म्हणत होता त्याला दर छायाचित्रामागे ३०० असा भाव होता. पेन ड्राइव्हचे ६०० धरून एकूण बिल १०,६३० रुपये झाले. सुरुवातीला मला हा आकडा जड वाटला. पण घरी भाच्याने हौसेने मोबाइलवरून वीस-पंचवीस छायाचित्रे टिपून पाहिली होती, त्यांत प्रत्येकाच्या कपाळावर ट्यूबलाइटची रेघ उमटली होती, आणि त्यानंतर भावाबद्दल मी कुरकुर केली नाही.

प्रत्यक्ष स्कॅनिंगचे काम उत्तम आहे. दुकानात या कामाला एक तरुण मुलगी बसते आणि सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट कोणती असेल तर तिचे हात. आमच्याकडे दोन प्रकारचे अल्बम होते. जुना काळ्या जाड पानांचा, छायाचित्रे त्रिकोणी कोपऱ्यांत खोचलेली आणि दोन पानांमध्ये बटर पेपर. दुसरा १९८५ च्या सुमाराचा, चिकट पानांवर प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण असलेला, जो त्या काळी मोठा आधुनिक म्हणून आम्ही घेतला होता. जुन्या अल्बममधली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कृष्णधवल छायाचित्रे जशीच्या तशी आहेत, आणि नव्यातली रंगीत लालसर पडून गोंदाला घट्ट धरून बसली आहेत. ती ओढून काढली असती तर फाटलीच असती. त्या मुलीने दात कोरायचा बारीक धागा दोन बोटांत ताणून धरला आणि छायाचित्राच्या मागून करवतीसारखा हलकेच पुढे-मागे सरकवत एकेक सोडवले. दोन छायाचित्रे तरीही सुटेनात, तेव्हा हट्ट न धरता तिने पानासकट स्कॅन केली. आजी-आजोबांचे चौकटीतले छायाचित्र ओल धरून काचेला चिकटलेले होते. ते काढण्याचा प्रयत्नही करू नये, काढले तर दोघांचे चेहरे काचेबरोबर जातील, असे तिने मला बजावले आणि काचेसकटच काम केले. नको ते काम नाकारणारा कारागीर मला नेहमीच भरवशाचा वाटतो.

छायाचित्रे ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचामागे इतके ठिपके) आणि निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केल्या होत्या. कागदावरच्या छायाचित्राला साधारणपणे याहून जास्त घनता घेण्यात अर्थ नसतो, कारण कागदावर तेवढा तपशीलच उतरलेला नसतो, आणि फाइल मात्र फुगते. निगेटिव्हची गोष्ट निराळी आहे. काकांचा कॅमेरा आग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल बसत असे आणि एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकटी निघत. त्या काळी खर्च वाचवण्यासाठी आम्ही निगेटिव्हच्याच आकाराच्या छोट्या प्रती काढून घेत असू आणि अल्बममध्ये त्याच लावलेल्या आहेत. इतकी वर्षे ज्या तिकिटाएवढ्या चित्रांत माणसे नुसती कपड्यांवरून ओळखायची, ती निगेटिव्हवरून स्कॅन केल्यावर टीव्हीच्या पडद्यावर भुवया दिसण्याइतकी स्पष्ट आली. तेव्हा कोणी मला विचारले तर सांगेन की पैसे मोजकेच असतील तर आधी निगेटिव्ह द्याव्यात. बहुतेक घरांत त्या ‘काळ्या पट्ट्या’ म्हणून टाकून दिलेल्या असतात, हे दुःख वेगळे.

आता चुकांकडे वळते. पहिली चूक अशी की छायाचित्रांची फक्त पुढची बाजू स्कॅन झाली. माझ्या वडिलांना प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर जांभळ्या शाईने चार शब्द लिहून ठेवण्याची सवय होती. कुठे गाव आणि साल, कुठे नुसतेच ‘पाऊस फार’. त्या मजकुराशिवाय निम्म्या चित्रांना अर्थ नाही. विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “काकू, मागची बाजू कोणीच मागत नाही.” हे खरेही असेल, पण अशी सेवा देणाऱ्याने गिऱ्हाइकाला निदान विचारायला हवे. अखेर निम्म्या दराने, म्हणजे प्रत्येकी साडेसात रुपयांत, शंभरेक पाठी स्कॅन करून घेतल्या आणि वर सांगितलेल्या बिलात त्यांची वेगळी भर पडली.

दुसरी चूक अधिक लागली. काळ्या अल्बममधली छायाचित्रे परत आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकत्र, क्रम मोडून. त्रिकोणी कोपऱ्यांपैकी निम्मे फाटले होते. अल्बमची पाने हाच आमच्या घराचा इतिहास होता. बारशाच्या आधी डोहाळजेवण आणि त्याच्या आधी लग्न, असा तो आईने लावलेला होता, आणि कोणते चित्र कोणाच्या शेजारी लावायचे यातही तिचे काही मनात असे. तो क्रम आता माझ्या आठवणीपुरता उरला आहे. ज्यांना असे काम द्यायचे आहे त्यांनी आधी प्रत्येक पानाचे मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, क्रमांक घालावा. बॉलपेन वापरू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. हे मला कोणी आधी सांगितले असते तर दोन दुपारी जमिनीवर बसून पत्त्यांसारखी चित्रे लावण्याची वेळ आली नसती.

आणि आता आत्याआजीचे सांगते. ती माझ्या वडिलांची आत्या. बालविधवा, सोवळी झालेली. जन्मभर आमच्याच घरी राहिली. तिचे एकच छायाचित्र आहे, १९५२ च्या सुमारास वाईच्या घराच्या सोप्यात काढलेले, ज्यात ती तांदूळ निवडत बसली आहे आणि डोक्यावरून घेतलेला पदर कपाळापर्यंत आला आहे. मी अगदी लहान असताना ती गेली, त्यामुळे मला आठवते ते फारच थोडे. पण ताईला सगळे आठवते. म्हणून समारंभासाठी मोठे करायला जी दहा छायाचित्रे मी ‘रिस्टोरेशन’साठी निवडली त्यांत हे पहिले होते. चिरा आणि डाग काढावेत एवढीच माझी अपेक्षा होती. हे काम आता हाताने न करता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालीकडून करून घेतात, हे मला माहीत नव्हते. छायाचित्र परत आले ते रंगीत होऊन. गालावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या, आत ओढलेले ओठ भरले होते आणि त्यांवर लाली होती, डोळे जरा मोठे झाले होते, आणि आत्याआजी पोपटी हिरव्या लुगड्यात बसली होती.

कृष्णधवल छायाचित्रात लाल काय आणि हिरवा काय, दोन्ही रंग करडेच उमटतात, आणि यंत्र त्याने आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून अंदाजाने रंग भरते. हे मला नंतर नातवाने समजावून सांगितले. त्याने शिकलेल्या चित्रांत आलवण, म्हणजे सोवळ्या विधवेचे लाल लुगडे, कुठून असणार? त्या बाईने लाल आलवणाशिवाय दुसरे वस्त्र जन्मभर अंगाला लावले नाही, आणि हिरवा हा तर नेमका तिला वर्ज्य असलेला रंग होता, चुड्याचा आणि सवाष्णीचा. मी ते चित्र ताईला दाखवले. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, “ही कोण?” दुकानदाराला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो ओशाळला. आलवण हा शब्दच त्याने पहिल्यांदा ऐकला असे तो प्रांजळपणे म्हणाला, आणि दहापैकी तीन छायाचित्रांचे पैसे स्वतःहून परत केले. उरलेल्या सातांपैकी चार ठीक आहेत. त्यांत चेहरे लहान असल्याने यंत्राला फारशी कारागिरी करता आलेली नाही. मूळ स्कॅन जसेच्या तसे जपून ठेवलेले असल्याने नुकसान काही झाले नाही. तरी चिरा काढणे, रंग भरणे आणि चेहरा सुधारणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि त्यांतले पहिलेच आपल्याला हवे आहे, असे लेखी देऊन ठेवावे. रंगीत आजोबा कौतुकाने पाहणारी घरे आहेत, आणि त्यांना माझा विरोध नाही. ज्यांनी त्या माणसाला पाहिलेले नाही त्यांना फरक कळणार नाही; पण सहस्रचंद्रदर्शनाला जमणाऱ्यांत पाहिलेलेच अधिक असतात.

ध्वनिफितींचे काम मात्र माझ्या अपेक्षेपलीकडे चांगले झाले. १९८३ साली ताईच्या मुलाच्या मुंजीत घाणा भरताना, म्हणजे कार्याची हळद जात्यावर दळताना, आईने म्हटलेल्या ओव्या आखातातून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर मेव्हण्यांनी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ती कॅसेट गेली तीस वर्षे कोणी लावली नव्हती, कारण फितीमागची लोकरीची बारीक गादी गळून पडली होती आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. दुकानातल्या मुलीने कॅसेटचे जुने कवच उघडून फीत नव्या कवचात बसवली आणि मग ती चालवली. आईला जाऊन चौतीस वर्षे झाली आहेत. दुकानातल्या हेडफोनमध्ये तिचा आवाज ऐकताना मला पहिल्यांदा जाणवले की त्यात ती माझ्या आजच्या वयापेक्षा लहान आहे.

इथेही दोन फाइली मिळाल्या, एक मुळाबरहुकूम आणि एक ‘स्वच्छ’ केलेली. स्वच्छ केलेल्या फाइलीत फितीची खरखर गेली आहे, हे खरे. पण तिच्याबरोबर जात्याची घरघरही गेली आहे, कारण अखंड एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट असेच ती प्रणाली समजते. आई जणू रिकाम्या खोलीत गाते आहे असे वाटते. आम्ही समारंभात मूळच लावली, ज्यात जाते आहे, मागे कोणीतरी “हळद उडतेय गं” म्हणते आहे आणि मध्येच कुकरची शिट्टी आहे. दुकानाने दोन्ही फाइली दिल्या याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत, कारण नुसती स्वच्छ केलेलीच हाती ठेवणारी दुकानेही असू शकतील. व्हिडिओ कॅसेट १९९० च्या एका लग्नाची होती. तिला पावसाळ्यांतून बुरशी धरली होती, ती आधी साफ करून घ्यावी लागली, आणि चित्र जेमतेम आहे. लग्नाची व्हिडिओ कॅसेट हा प्रकार तेव्हाही कोणी पूर्ण पाहत नसे.

पंधरा दिवसांचा वायदा तेहतीस दिवसांवर गेला. समारंभाला चार दिवस उरले असताना पेन ड्राइव्ह हाती आला, त्यामुळे पाठींचे स्कॅन आणि चुकांची दुरुस्ती ही सगळी कामे त्या चार दिवसांत दुकानात खुर्ची टाकून बसून करून घ्यावी लागली. ज्यांचा मुहूर्त ठरलेला आहे त्यांनी दुकानदाराला महिनाभर अलीकडची खोटी तारीख सांगावी, एवढेच म्हणते. पेन ड्राइव्हमध्ये प्रत्येक चित्राच्या दोन फाइली होत्या, जपून ठेवण्यासाठी मोठी टिफ आणि पाहण्यासाठी लहान जेपेग. हे योग्यच आहे. पण ताईकडचा टीव्ही टिफ उघडत नाही हे आम्हाला पाहुणे बसल्यावर कळले, आणि नातवाने जेपेगचे फोल्डर शोधून काढीपर्यंत सगळ्यांचा चहा झाला. शिवाय मोबाइलमध्ये घेतल्यावर सगळी चित्रे २०२५ सालची म्हणून लागतात, कारण फाइलीला तारीख चिकटते ती स्कॅनिंगची. फाइलीच्या नावातच आधी साल घालावे, म्हणजे क्रम नीट लागतो. हे काम आम्ही अजून करतो आहोत.

त्या संध्याकाळी माझ्या वर्गातल्या चौघी मैत्रिणीही आल्या होत्या. १९६८ च्या उन्हाळ्यात लग्न होईपर्यंत ताई आमच्याच कन्याशाळेत शिकवत असे, त्यामुळे तिच्या सोहळ्याला येणे हा आपला हक्कच आहे असे त्यांचे मत. आम्ही १९७० साली, तेव्हाच्या अकरावीच्या एस.एस.सी.ला, एकत्र होतो; आता एक वाईतच आहे, एक सांगलीला आणि दोघी पुण्यात. निगेटिव्हची खरी किंमत त्यांच्यामुळे कळली. १९६८ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, आमची नववीची सहल मेणवलीला चालत गेली होती आणि काकांच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली होती ती ताईनेच. घाटावर, वसईच्या स्वारीनंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा जिथे टांगलेली आहे, तिथे सगळ्या मुली ओळीने उभ्या आहेत. हे चित्र मी हजारदा पाहिले असेल. पण प्रत काढताना स्टुडिओने चारी बाजूंना पांढरी किनार सोडली होती आणि त्या किनारीने कडेचा थोडा भाग कापला होता. निगेटिव्हमध्ये तो आहे. टीव्हीवर चित्र येताच उजव्या कडेला, भिंतीआड अर्धी लपलेली एक मुलगी दिसली, आणि तिच्या हातात कडीचा पितळी डबा.

तो डबा माझा होता. झाकणावर मध्यभागी पोचा होता आणि तो पोचाही चित्रात आहे. त्या सहलीत माझ्या डब्यातल्या गुळाच्या पोळ्या कोणीतरी खाल्ल्या, आणि ती कोण यावरून माझा आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा सत्तावन्न वर्षे वाद होता. दर भेटीत मी आरोप करीत असे आणि ती देवाशपथ नाही म्हणत असे. त्या संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि पडद्यावर ती चौदा वर्षांची, दोन वेण्या, तोंड पोळीने भरलेले. दोन मिनिटे तिने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, “अगं, पण मी दोनच खाल्ल्या होत्या!” ताई म्हणाली, “मला तेव्हाच माहीत होतं. म्हणूनच मी ती चौकट काढली.”

त्याच निगेटिव्हच्या पट्टीने आणखी एक गोष्ट सोडवली. आमच्याकडे एक चित्र होते ज्यात अंगणभर बाजा टाकलेल्या आहेत आणि सगळा वाडा पांघरुणे लपेटून बाहेर बसला आहे. कोणी ते कोजागरीचे मानत असे, कोणी लग्नाचे. दुकानाने पट्ट्या न तोडता, क्रम राखून स्कॅन केल्या होत्या, आणि चार चौकटींच्या एकाच पट्टीवर आधी दोन चौकटी या अंगणाच्या आणि लगेच पुढच्या दोन मेणवलीच्या निघाल्या. म्हणजे अंगणातले चित्र सहलीच्या थोडेच आधीचे. वाईत राहणारी मैत्रीण तत्काळ म्हणाली, “भूकंप!” ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही थंडीत बाहेर झोपलो होतो. मग कोणाच्या घरातली भांडी फडताळातून पडली, कोणाची आजी घराबाहेर यायलाच तयार नव्हती, हे सगळे निघाले आणि रात्रीचे अकरा वाजले. दुसऱ्या दिवशी पहाटे होम होता, चंद्राच्या प्रतिमेची पूजा होती, ऐंशी दिव्यांनी ओवाळायचे होते, तरी कोणी उठेना.

गुण द्यायचे तर स्कॅनिंगला पाचपैकी साडेचार, ध्वनिफितीच्या कामाला पाच, मूळ वस्तू परत देण्याच्या पद्धतीला दोन, वेळेला दोन आणि रिस्टोरेशनला एक, तोही दुकानदाराच्या प्रामाणिकपणासाठी. दुकानाच्या अर्जावर अगदी बारीक अक्षरांत, आपली छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्यास संमती आहे, असे एक वाक्य असते. ते मी खोडले आणि काम संपल्यावर त्यांच्या संगणकावरच्या प्रती माझ्यासमोर पुसून घेतल्या. तसे करताना कोणी कुरकुर केली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

मी त्याच दुकानात पुन्हा जाणार आहे. सांगलीच्या मैत्रिणीकडे बिस्किटांच्या डब्यात सात रोलच्या निगेटिव्ह निघाल्या आहेत, आणि पावसाळ्याआधी त्या स्कॅन व्हाव्यात अशी तिची घाई आहे. या वेळी पट्ट्यांवर क्रमांक घालून, यादी करून आणि ‘रंग भरू नये’ असे वर मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहे. तोवर माझ्याकडे अकरावीच्या वर्गाचे छायाचित्र आहे. एकेचाळीस मुलींपैकी चौतीस जणींची नावे त्या रात्री आम्ही चौघी-पाच जणींनी मिळून लावली. उरलेल्या सातांपैकी दोन वाईच्या मैत्रिणीने बाजारात विचारून मिळवली. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, रिबिनी नसलेली, ही कोण यावर आमचे अजून एकमत नाही.